ओहोटीच्या आधी किनाऱ्यावर: कायोटीच्या फोटोसाठी बाहाला जाताना

कॅमेऱ्याची बॅग सगळ्यात शेवटी भरा. आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उतरवून घ्या, कारण मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या पूर्व किनाऱ्यावर कायोटी, म्हणजे तिथला कोल्ह्याच्या जातकुळीतला रानटी प्राणी, कधी दिसणार हे ओहोटी ठरवते. पाणी मागे सरलं की तो वाळवंटातून खाली उतरतो आणि रात्री वाहून आलेल्या शेवाळाच्या पट्ट्यावरून नाक खाली घालून चालू लागतो. खेकडा, मेलेला मासा, एखादा पेलिकन, मिळेल ते उचलतो. मायकेल रोज आणि गॅरी पोलिस या दोन संशोधकांनी 1998 साली दाखवून दिलं की इथे किनाऱ्यालगत कायोटींची दाटी आतल्या वाळवंटापेक्षा काही पट जास्त असते. आत पाऊस नाही, गवत नाही, ससे-उंदीर बेताचेच. समुद्र मात्र दिवसातून दोनदा ताट वाढून ठेवतो. मुंबईच्या खारफुटीत खेकडे खाणारा आपला कोल्हा ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा प्राणी पाहताच ओळखीचा वाटेल. अंगानंही तो कोल्ह्याचाच जरा उंच, लांब पायांचा भाऊ. वाळवंटातला कायोटी दहा-बारा किलोंच्या पुढे क्वचित जातो.

कोष्टकं एन्सेनाडाची सिसेसे ही संशोधन संस्था प्रसिद्ध करते, ती घ्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते, म्हणजे तारखा निवडताना भिंतीवरचं कालनिर्णय इथेही कामाला येतं. तिथीच्या पाऊणपटीवर भरतीची वेळ काढायचं कोकणातलं गणित मात्र सोडून द्या, बाहाच्या पूर्वेच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात ते जुळत नाही. पहाटेची ओहोटी आणि सूर्योदय एकत्र येतील असे दोन-तीन दिवस शोधा आणि रजा त्याप्रमाणे टाका. मी पहिल्या वर्षी रजा आधी टाकली होती. तीन दिवस सूर्योदयाला भरलेला समुद्र पाहून परत आले.

जागा म्हणाल तर मी बाहिया दे लोस आंहेलेस हा उपसागर आणि त्याच्या काठचं त्याच नावाचं गाव सुचवेन. आम्ही सॅन दिएगोची मराठी मंडळी गाडीनंच जातो. तिहुआनापासून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, शेवटचे पासष्ट-एक किलोमीटर हमरस्ता सोडून पूर्वेला. एका दिवसात उरकायच्या नादात रात्री गाडी चालवू नका, रस्त्यावर काळ्या गाई बसलेल्या असतात आणि कुंपण नसतं. वाटेतल्या एल रोसारिओला टाकी काठोकाठ भरा, मग ती अर्धी रिकामी असो की पाव. पुढे जवळपास सव्वातीनशे किलोमीटर हमरस्त्यावर पंपाचा भरवसा धरू नये. कातावीन्याला पिंपातून पेट्रोल विकणारे भेटतात, पण त्यांच्या जिवावर निघू नका. अमेरिकेतला गाडीचा विमा सीमेपलीकडे चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. प्रवेशाचा परवाना मात्र सीमेवर थांबून, शिक्का मारून घ्यायचा. ड्रोन घरीच राहू दे.

नोव्हेंबर ते मार्च हे महिने चांगले. जानेवारी ते मार्च कायोटींचा जोडीचा हंगाम, तेव्हा दिवसाढवळ्याही दोघं दोघं फिरताना दिसतात. बासष्ट-त्रेसष्ट दिवसांनी पिल्लं होतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये बिळं भरलेली असतात. त्या दिवसांत मी जात नाही. बिळाजवळ माणूस आला की आईबाप त्याच्या मागे मागे चालतात, भुंकतात, आणि पिल्लं दुसरीकडे हलवतात. तसला फोटो काढून करायचं काय? उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो आणि पुढे वादळांचे महिने, म्हणून तेही नकोत.

हिवाळ्याला एकच गालबोट, उत्तरेचा वारा. स्थानिक लोक त्याला नुसतं ‘नोर्ते’ म्हणतात आणि तो सुटला की होड्या वर ओढून ठेवतात. वर ज्या दोघांचा अभ्यास सांगितला, ते रोज आणि पोलिस मार्च 2000 मध्ये याच उपसागरात वादळी वाऱ्यानं होडी उलटून गेले, त्यांच्याबरोबर आणखी तीन संशोधक. म्हणून पलीकडच्या बेटावर जास्त चांगला कायोटी मिळेल असं कुणी सांगितलं तरी यादीत होडी घालू नका. कायोटी पायीच भेटतो.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, आणि वर एक दिवसाचं जास्तीचं. जेवणाचं तुम्ही जाणता. चिवडा, लाडू, भाजणी, काहीही न्या, फक्त झाकणाला कडी असलेल्या डब्यात भरा आणि डबे गाडीच्या आत ठेवा. तंबूत नाही, गाडीखाली नाही. उष्टं, भांडी धुतलेलं पाणी, केळ्याची सालं, सगळं बांधून परत आणायचं. एकदा माणसाच्या हातून खायला मिळालेला कायोटी पुढच्या तंबूपाशी हक्कानं येतो. कधीतरी एखाद्या पोराच्या हातातलं हिसकावतो, आणि मग त्याला कुणीतरी गोळी घालतं. मासा टाकून त्याला जवळ बोलावणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. त्या फोटोंत कायोटीची नजर कॅमेऱ्याच्या खाली, हाताकडे असते. जाणकाराला लगेच कळतं.

आता कॅमेरा. शंभर ते चारशे मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. सहाशेची भाड्यानं आणण्याच्या फंदात मी पडले होते, ती उचलून वाळूत बसताना कंबर धरली. एकच लेन्स लावून जा आणि किनाऱ्यावर ती बदलू नका, कारण बारीक वाळू आत गेली की सेन्सरवर प्रत्येक आकाशात ठिपके येतात. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर, एक हवेचा फुगा, दोन मऊ फडकी, आणि गोड्या पाण्यात भिजवलेलं एक जुनं पंचाचं फडकं ट्रायपॉडच्या पायांसाठी. खारं पाणी सांध्यात वाळलं की पाय अडकतात. शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून वेगवान, आवाज बंद. वाळू उजळ असते, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि कायोटी काळपट येतो. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवून ठेवा. नऊ-साडेनऊनंतर वाळूवरून गरम हवा थरथरायला लागते, तेव्हा कितीही महाग लेन्स असली तरी डोळा धारदार येत नाही. बॅग आवरा आणि चहा करा.

बसायची जागा हीच खरी तयारी. इथे सूर्य समुद्रातून उगवतो आणि डोंगराआड मावळतो, आपल्या कोकणाच्या बरोबर उलट. संध्याकाळी किनारा लवकर सावलीत जातो, म्हणून पहाट धरायची. आदल्या दिवशी दुपारी पट्ट्यावरून चालत माग शोधा. कायोटीचा पंजा लांबट, नखं पुढे सरळ, आणि पावलं दोरी धरल्यासारखी एका ओळीत. कुत्र्याचा पंजा गोल पसरट आणि वाट नागमोडी. विष्ठेत खेकड्याच्या कवचाचे तुकडे दिसले की जागा पक्की. मग उजाडायच्या अर्धा तास आधी त्या पट्ट्याच्या समुद्राकडच्या बाजूला, पाण्याकडे पाठ करून खाली बसा. उजेड तुमच्या मागून येतो, पहाटेचा वारा बहुतेकदा डोंगराकडून येत असल्यानं तुमचा वास समुद्राकडे जातो, आणि मुख्य म्हणजे त्याची वाळवंटात परतायची वाट मोकळी राहते. वाट मोकळी असली की तो पळत नाही. चाळीस-पन्नास पावलांवरून तुमच्याकडे एकदा बघतो आणि पुन्हा खेकडा उकरायला लागतो. पाणी फिरायची वेळ तेवढी मनगटावर लिहून ठेवा, सपाट किनाऱ्यावर भरती मागून गुपचूप येते. पाण्यातून चालावं लागलंच तर पाय उचलू नका, घासत चला. वाळूत पाकट निजलेला असतो आणि त्याचा काटा विसरता येत नाही.

तो उगाच जवळ यायला लागला तर फोटो थांबवा. उभं राहा, हात वर करा, मोठ्यानं ओरडा. मराठीतून ओरडलेलं चालतं. पाठ फिरवून पळायचं नाही, लहान मुलाला उचलून घ्यायचं. अमेरिका आणि कॅनडात कायोटीनं माणूस मारल्याच्या पक्क्या नोंदी दोनच आहेत, 1981 ची ग्लेंडेलची आणि 2009 ची केप ब्रेटनची. म्हणून भीती नको, पण चाव्याला हलकं घेऊ नका. जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी थेट निघायचं. मेक्सिकोत कुत्र्यांपासून माणसांना होणारा रेबीज संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मान्य केलं, तरी रानटी प्राण्यांचा भरवसा कुणी दिलेला नाही.

बारीकसारीक: चोया निवडुंगाचे काटे काढायला दाताळं जुना कंगवा, विंचवासाठी पाय घालण्याआधी बूट झटकायची सवय, लाल उजेडाची बॅटरी. व्हेलचं हाड सापडलं तर फोटो काढून तिथेच ठेवा, अमेरिकेच्या सीमेवर ते बेकायदा आहे.

आणि चपला रात्री तंबूच्या आत घ्या. माझी कोल्हापुरी दुसऱ्या वर्षी दारातून गेली. सकाळी मागावरून गेले तर दीडशे पावलांवर नुसता अंगठा पडला होता, बाकीची बहुधा आवडली असावी.