पेला पाझरू नये म्हणून तांदळाचं धुवण

जपानी भांड्यांच्या दुकानात हागी किंवा कारात्सु या जपानी गावांचे मातीचे पेले ठेवले की गिऱ्हाईक हमखास परत येतं: पेला पाझरतो, चहाचे डाग पडले. माती सच्छिद्र असते, पेल्यात दोष नसतो. म्हणून विकण्याआधीच हे करा:

1. पातेल्यात फडकं अंथरून पेला ठेवा. तो बुडेल इतकं तांदळाचं पहिलं, दाट धुवण ओता.
2. गारच चढवा, मंद आचेवर 20 मिनिटं उकळा.
3. धुवणातच पूर्ण निवू द्या. घाई इथेच नडते, गरम पेला बाहेर काढला तर तडकतो.
4. धुऊन 2 दिवस वाळवा. ओल राहिली तर बुरशी येते.

सोनेरी-रुपेरी नक्षीचे पेले आणि लाखेच्या वाट्या मात्र उकळू नका.