लाकडाच्या लेथवर अ‍ॅल्युमिनियम कातायच्या आधी

शिसवीच्या करंड्याला अ‍ॅल्युमिनियमची घुंडी लावायची किंवा झाकणाच्या काठाला बारीक कडं बसवायचं, आणि तेही आपल्या लाकूड कातायच्या लेथवरच, असं सांगितलं की लोक आधी मशीनची काळजी करतात. मशीनला काही होत नाही. धारदार हत्यारापुढे अ‍ॅल्युमिनियम मुकाट्यानं सोलून निघतं. छळतं ते लाकूड, आणि त्याला फूस देते मुंबईची हवा. त्यामुळे तयारीतली निम्मी कामं लाकडासाठीच आहेत.

पण आधी माल आणावा लागेल. गुलालवाडी, किका स्ट्रीटकडे तांब्यापितळेची दुकानं ओळीनं आहेत. तिथे नुसता ‘अ‍ॅल्युमिनियमचा रॉड’ मागू नका, ‘एचई थर्टी आहे का’ विचारा. हे 6082 मिश्रधातूचं जुनं ब्रिटिश नाव, बाजारात अजून तेच चालतं. 6061 मिळाला तरी काम होतं. माल वजनावर असतो आणि 40 मिलिमीटर जाडीचा रॉड फुटाला किलोभर भरतो. एक फूट पुरे. दुकानातच कापून घ्या, मीटरभर रॉड घेऊन लोकलमध्ये चढलं की डबा आपल्याकडे कसा बघतो ते मी अनुभवलंय. घरातल्या जुन्या टोपाचं अ‍ॅल्युमिनियम वापरायचा मोह टाळा. ते मऊ असतं, कातलं जाण्याऐवजी हत्याराच्या टोकावर चिकटून बसतं. खिडक्यांच्या सेक्शनचे तुकडे सरावाला ठीक आहेत, पण ते पोकळ असतात, चक (रॉड पकडणारा लेथचा जबडा) आवळला की चेपतात. तिथून चालतच हत्यारांच्या बाजारात, नागदेवीला जा आणि हॅक्सॉचं इंचाला 18 दातांचं ब्लेड, बारीक एमरी पेपर, आणि जमलं तर अ‍ॅल्युमिनियमसाठीची बिनलेपाची कार्बाइड टिप (हत्याराला लावायचं कठीण टोक) घ्या.

टिप नसली तर एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) गोल तोंडाचा स्क्रेपर पुरतो, पण धार ताजी हवी. टूल रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, कामाच्या अगदी जवळ आणा, हत्याराचं टोक मध्यरेषेवर ठेवा, मूठ किंचित वर. मग ते आत घुसत नाही. धातूच्या लेथवर हत्यार पकडायला मशीनचा हात असतो, इथे आपलाच. म्हणून घास लहान घ्यायचा, कागदाच्या जाडीचा. वेगासाठी बेल्ट आधीच योग्य पुलीवर चढवून ठेवा. 25 मिलिमीटर जाडीला मिनिटाला हजारभर फेरे, 50 ला त्याच्या निम्मे. रॉड चकच्या बाहेर त्याच्या जाडीच्या दुपटीपेक्षा जास्त लोंबू देऊ नका. लोंबलाच तर त्याच्या दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा फिरता सेंटर (रॉडबरोबर फिरणारा टोकदार आधार) लावा. चष्मा आणि फेसशील्ड दोन्ही हवेत. हातमोजे मात्र नकोत, आणि बाह्या कोपराच्या वर.

अ‍ॅल्युमिनियमच्या लांब कुरळ्या निघतात, दिसायला सुरेख आणि ब्लेडसारख्या धारदार. मशीन बंद केल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, बंद केल्यावरही ब्रशनंच काढायच्या. बोटात बारीक कण गेला तर चुंबकाचा उपयोग नाही, अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. चिमटा आणि भिंग लेथजवळच ठेवा.

वंगण काय वापरायचं? कारखान्यातला टर्नर डोळे झाकून रॉकेल सांगेल, आणि त्याच्या कामात ते बरोबरच आहे. आपल्या कामात रॉकेल शेजारच्या लाकडात मुरतं आणि मग त्यावर पॉलिश धरत नाही. शिवाय रॉकेल मिळवणं हाच आता एक उद्योग झालाय. साधी पांढरी मेणबत्ती घ्या आणि फिरत्या रॉडवर अधूनमधून टेकवा. हत्याराच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम साचत नाही आणि पृष्ठभाग एकदम बदललेला दिसतो.

आता भुसा. लाकडाचा भुसा लेथखाली, मोटरवर, कपाटामागे, जिथे असेल तिथून अ‍ॅल्युमिनियम कातायच्या आदल्या दिवशीच झाडून काढा. जाड कुरळ्या सहज पेटत नाहीत, पण पॉलिश पेपरनं घासताना उडणारी करडी पूड पेटते, आणि भुशात मिसळली तर जास्तच. भुसा ओढायचा व्हॅक्यूम त्या दिवशी बंद. अ‍ॅल्युमिनियम ग्राइंडरच्या चाकावर अजिबात घासू नका. चाक बुजतंच, शिवाय तिथे लोखंडाची, गंजाची पूड साचलेली असते, आणि अ‍ॅल्युमिनियम नि गंज यांची पूड पेटवून तर रेल्वेच्या रुळांचे सांधे वितळवून जोडतात. पाण्याऐवजी कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवा. पेटलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर पाणी मारलं तर आग भडकते.

हीच करडी पूड लाकडाचीही वैरी आहे. हेदूसारख्या फिकट पिवळ्या लाकडाशेजारी अ‍ॅल्युमिनियम घासलं की ती रेषारेषांत शिरते, आणि तासाभराचं काम पेन्सिलच्या शिशानं माखल्यासारखं दिसतं. मग कितीही घासा, ती आणखी खोल जाते. उपाय घासण्याआधीचा आहे. लाकडाला चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, सुकू द्या, मगच धातूला पेपर लावा. शिसवीवर डाग उठून दिसत नाही, म्हणून पहिल्या वेळी शिसवीच घ्या.

आणि आता हवा. माझं पहिलं कडं मी मे महिन्यात हेदूच्या झाकणावर ठोकून घट्ट बसवलं आणि स्वतःवर खूश झालो. पावसाळ्यात लाकूड फुगलं, पण फुगायला जागा नव्हती, त्यामुळे ते आतल्या आत चेपलं गेलं. जानेवारीत सुकून आकसलं, तेव्हा कडं बोटानं गोल फिरायला लागलं. 60 मिलिमीटरच्या झाकणात लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडणं काही विशेष नाही, आणि लाकूड सगळीकडून सारखं हलत नसल्यामुळे ते लंबगोलही होतं. म्हणून बाहेरून कडं घालायचं असेल आणि हवा कोरडी असेल, तर थोडी फट ठेवा आणि सिलिकॉनसारख्या लवचीक चिकटीनं भरा. लाकडात अ‍ॅल्युमिनियमची टिकली जडवायची असेल तर हिशोब उलटा होतो. पावसाळ्यात घट्ट बसवलेली टिकली हिवाळ्यात लाकडाला तडा देते. ही सगळी कटकट नको असेल तर घुंडीपासूनच सुरुवात करा. 12–15 मिलिमीटरच्या जोडात लाकूड हलून हलून किती हलणार!

शेवटी चिकटवणं. घुंडी आधी पूर्ण घासून, चमकवून घ्या. धातूच्या पॉलिशचा काळा राप लाकडावर नको. जिथे चिकटवायची तो भाग मात्र 120 च्या पेपरनं खरवडा, अ‍ॅसिटोननं पुसा आणि लगेच चिकटवा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर पुन्हा चढायला वेळ लागत नाही. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी सोडा, 24 तासांचं घ्या. कुरळ्या वेगळ्या पिशवीत भरून ठेवा, भुसा मिसळलेल्या नसतील तर भंगारवाला त्यांचं वजन करून पैसे देतो.