आरएनए काढायला बसण्याआधी

परळच्या आमच्या लॅबमध्ये एम.एस्सी.ची नवी मुलं येतात ती नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर. लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलेलं पोरगं थेट बेंचवर बसलं की मी त्याला उठवते. आधी हात धू, घाम सुकू दे, मग ग्लोव्हज चढव. हे उगाचचं सोवळं नाही. आपल्या त्वचेच्या पेशी जंतू मारण्यासाठी आरएनेज ७ नावाचं, आरएनए कापणारं एन्झाइम स्वतःच बनवतात, त्यामुळे हात कितीही घासला तरी ते असतंच. ग्लोव्हज घातल्यावर मोबाइल, चष्मा किंवा फ्रीझरचं हँडल, कशालाही हात लागला की जोडी बदला. ग्लोव्हज महाग आहेत हे मलाही कळतं, पण किट त्याहून महाग आहे.

‘ऑटोक्लेव्ह केलंय, मॅडम’ हे वाक्य तर मला पाठ झालंय. ऑटोक्लेव्हच्या दाबाखालच्या वाफेने जंतू मरतात, पण आरएनेज ए हे आरएनए कापणारं दुसरं एन्झाइम मरेलच याची खात्री देता येत नाही. १२४ अमिनो आम्लांची ती छोटीशी साखळी चार डायसल्फाइड बंधांनी आवळलेली असते. तापवली की उलगडते, गार झाली की पुन्हा घडी घालून कामाला लागते. या रेणूवरच्या कामासाठी ख्रिश्चन अॅनफिन्सेन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. प्लाझ्मिड मिनिप्रेपसाठी, म्हणजे जिवाणूंतून डीएनएची छोटी वर्तुळं काढताना, आपण आरएनेज ए मुद्दाम उकळतो, ते त्यातलं डीएनए कापणारं डीएनेज मरावं आणि आरएनेज जगावं म्हणूनच. तेव्हा मिनिप्रेपचं बेंच वेगळं, पिपेट वेगळे. यावर माझ्याकडे चर्चा होत नाही.

ईडीटीएवरही विसंबू नका. ते धातूचे आयन पकडून ठेवतं, पण आरएनेज एला धातू लागतच नाही. त्याचं काम साखळीतली १२ आणि ११९ क्रमांकाची दोन अमिनो आम्लं, हिस्टिडीन, करतात. त्यांच्या मदतीने आरएनएच्या साखरेवरचा २'-ओएच गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. डीएनएत तो गटच नाही, म्हणून डीएनए वाचतो. पाण्यातलं आरएनेज निकामी करायला आपण डीईपीसी हे रसायन वापरतो, ते चिकटतं याच हिस्टिडीनना. लिटरभर पाण्यात १ मिली डीईपीसी, तेही फ्यूम हूडमध्येच, रात्रभर ३७ अंशांवर ठेवा आणि सकाळी ऑटोक्लेव्ह करा. इथला ऑटोक्लेव्ह उरलेलं डीईपीसी घालवायला आहे. ट्रिस या रसायनाच्या बफरमध्ये मात्र ते थेट घालू नका, कारण ट्रिसच त्याला खाऊन टाकतं. आधी पाणी तयार करा, मग त्यात ट्रिस विरघळवा. काचेची भांडी २४० अंशांवर चार तास भाजा.

नमुना रुग्णालयातून येणार असेल तर खरी लढाई तिथेच असते. ऊतक कापलं की पेशींमधलीच आरएनेज मोकाट सुटतात. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ त्यांना फक्त मंदावतो, आणि दादरच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सी किती वेळ अडकेल ते कोणी सांगावं. म्हणून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे करून तिथल्या तिथे आरएनए-लेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा किंवा द्रव नायट्रोजनमध्ये टाका. स्वादुपिंड सगळ्यात अवघड, कारण पचनासाठी तिथे आरएनेजचा कारखानाच चालू असतो. पुढे गोठलेला तुकडा वितळू न देता भुकटी करून थेट ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावणात घाला. त्यातलं ग्वानिडिन थायोसायनेट सगळी प्रथिनं उलगडून टाकतं. त्याच्या सांडलवंडीवर ब्लीच ओतू नका, विषारी वायू निघतो.

काढलेला आरएनए तपासायला जेलवर चालवला की रायबोसोमल आरएनएचे २८एस आणि १८एस असे दोन स्पष्ट पट्टे हवेत, पहिला साधारण दुप्पट उजळ. खालपर्यंत धूसर ओघळ दिसला तर नमुना गेला. पण पेशींना विषाणूचा संसर्ग दिलेला असेल तर जेल फेकण्याआधी नीट बघा. विषाणूचा दुपदरी आरएनए दिसला की पेशी २-५ए नावाचे छोटे रेणू बनवते आणि त्यांनी आरएनेज एल जागं होतं. ते विषाणूचा आरएनए कापतं आणि पेशीचा स्वतःचा रायबोसोमल आरएनएही. तेव्हा ओघळाऐवजी २८एसच्या खाली ठरावीक जागी वेगळे पट्टे दिसतात. तो तुमचा निष्काळजीपणा नसून निकाल असू शकतो. संसर्ग न दिलेल्या पेशींचा आरएनए शेजारच्या लेनमध्ये चालवलात की फरक लगेच कळतो.

सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून डीएनएची प्रत, करताना आरएनेजला रोखणारं आरएनेज इनहिबिटर घाला, पण तेही प्रथिनच आहे. ते शाबूत राहावं म्हणून डीटीटी हे रसायन सोबत हवं आणि उगाच तापवायचं नाही. ते आरएनेज एच्या कुटुंबाला पकडतं, आरएनेज एचला नाही. हे एच सीडीएनए झाल्यावर आपणच घालतो, कारण डीएनएशी जोडी जमवलेला आरएनए तेवढाच ते कापतं. आपल्या पेशींमध्ये याच कामाचं आरएनेज एच२ असतं. त्याच्या जनुकांत दोष असलेल्या बाळांना एकार्डी-गुटिएर सिंड्रोम हा आजार होऊ शकतो. विषाणू नसतानाही शरीर विषाणूंविरुद्धचं इंटरफेरॉन सोडत राहतं आणि मेंदूला इजा होते.

उरलेल्या आरएनएचे छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, म्हणजे दरवेळी सगळाच वितळवावा लागणार नाही. नळीवर नाव अल्कोहोलने न पुसणाऱ्या मार्करनेच लिहा.