अ‍ॅक्युपंक्चरला जायचंय? कशासाठी जायचं, काय विचारायचं आणि कधी थांबायचं

क्लिनिकच्या बोर्डावर डायबेटिस, थायरॉइड, वंध्यत्व, पॅरालिसिस, सांधेदुखी, केस गळणं असं सगळंच लिहिलेलं असतं आणि दुखण्याने मेटाकुटीला आलेला माणूस तो बोर्ड वाचूनच आत शिरतो. मला अ‍ॅक्युपंक्चरबद्दल, म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायच्या चिनी उपचाराबद्दल, आस्था आहे, म्हणूनच कळकळीने सांगते, बोर्डावरची यादी बघून जाऊ नका, स्वतःची एक नेमकी तक्रार घेऊन जा.

कुठल्या तक्रारीला जाण्यात अर्थ आहे? बऱ्यापैकी अभ्यास झालाय तो जुन्या दुखण्यांवर. ब्रिटनमधे नाइस नावाची संस्था तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी उपचारांचे नियम ठरवते, त्यांनी २०१२ मधे मायग्रेन आणि सततच्या डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत १० पर्यंत सेशन्स सुचवली, २०२१ मधे ठोस कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठीही हा पर्याय दिला. पण त्याच संस्थेने २०१६ मधे कंबरदुखीच्या यादीतून अ‍ॅक्युपंक्चर काढून टाकलं, आणि बोर्डावर तर कंबरदुखी सगळ्यात वर असते! आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) चालू असताना सुया टोचल्या तर मूल होण्याची शक्यता वाढते का, याची ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडमधे मोठी चाचणी झाली, २०१८ ला निकाल आला, फरक पडला नाही. शुगर, बीपी, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. आणि अजून एक गोष्ट माहीत असू द्या, अनेक चाचण्यांमधे खऱ्या बिंदूवर टोचलं काय आणि भलतीकडे टोचलं काय, आराम जवळपास सारखाच पडला, म्हणजे विश्रांती, आपुलकीने केलेली विचारपूस, विश्वास यांचाही त्यात वाटा आहे. त्याने आराम खोटा ठरत नाही, पण हजारोंचं पॅकेज घेताना हे डोक्यात असावं.

जाण्याआधी निदान करून घ्या, ही पायरी लोक सर्रास गाळतात. पाय बधिर पडतोय, लघवीवरचा ताबा जातोय, एकदम कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखतंय, तापासोबत मान आखडलीय, अशा वेळी थेट हॉस्पिटल.

आता माणूस कसा निवडायचा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी होते, तेव्हा नोंदणी नंबर सरळ विचारा, प्रामाणिक माणूस रागवत नाही. (तसं आपल्याशी याचं जुनं नातं आहे, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांसोबत १९३८ ला चीनला गेलेल्या डॉक्टरांच्या पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि कोलकात्यात सुरू केली.) सुई प्रत्येक वेळी सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघाली पाहिजे आणि वापरून झाली की सुयांसाठीच्या जाड बंद डब्यात गेली पाहिजे. "तुमच्याच सुया उकळून ठेवतो" म्हणाले तर उठून या, हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, अशा पुन्हा वापरलेल्या सुयांतून पसरू शकते.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, गरोदर असाल, डायबेटिसमुळे पायाला संवेदना कमी असेल तर आधीच सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. काही ठिकाणी टोचलेल्या सुयांना हलका विजेचा करंट जोडतात, पेसमेकरवाल्यांनी तो जोडू द्यायचा नाही. छाती आणि खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, क्वचित होतं पण होतं, सेशननंतर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा.

उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. हलकं खाऊन, सैल कपडे घालून जा आणि पहिल्या वेळी झोपूनच करून घ्या. सुई केसासारखी बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यागत वाटतं, मग आत जड, दडपल्यासारखं वाटतं ते चालतं, पण झिणझिणी करंटसारखी बोटापर्यंत गेली तर लगेच बोला. २०-३० मिनिटं पडून राहायचं असतं, हलायचं नाही.

पहिल्या सेशनच्या आधीचे दोन आठवडे वहीत रोज लिहा, दुखणं दहापैकी किती, पेनकिलर किती घेतली, झोप कशी झाली. सेशन्स चालू असतानाही लिहीत राहा, मग सहा सेशन्स झाली की आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून बघा, कारण "जरा बरं वाटतंय" हे त्या दिवशीच्या मूडवर असतं. गोळ्या कमी झाल्या नाहीत, दुखणं तिथंच आहे, तर पुढचे पैसे भरू नका, आणि म्हणूनच पूर्ण पॅकेज आधी भरायचंच नाही, एकेक सेशनचे द्या.

सुया नकोत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी मळमळीचा बिंदू घरी दाबता येतो. ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर याचा पुरावा चांगला आहे, गाडी लागण्यावर मिश्र, पण आंबा घाटात एसटी वळायला लागली की करून बघायला काही खर्च नाही. तळहात वर करा, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं मनगटावर आडवी ठेवा, अनामिका मनगटाच्या घडीला टेकलेली. तर्जनी जिथे येते ती जागा धरून ठेवा आणि मूठ जरा आवळा, दोन कडक शिरा दोरीसारख्या वर येतील (निळ्या रक्तवाहिन्या नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या), त्यांच्या मधोमध तो बिंदू. काही जणांना एकच दिसते, तसं असेल तर तिच्या करंगळीकडच्या बाजूला दाबायचं. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं, दुखेल इतकं नाही पण ठाम, मग दुसरा हात. गरोदरपणातल्या मळमळीलाही चालतं, मात्र पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल तर मनगट दाबत बसू नका, अशा गरोदर बाईला सलाइन लागू शकतं, तिला लगेच दवाखान्यात न्या.