सांधेदुखीच्या गोळीची ॲलर्जी: या चुका टाळा

गुडघे धरले की मेडिकलमधून पेनकिलर आणायची, हे घरोघरी चालतं. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन बहुतेकांना सोसतात. काहींच्या मात्र तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात. अशा वेळी "पित्त उठलंय" म्हणत आमसुलाचं पाणी लावायचं आणि आठवड्याने तीच गोळी पुन्हा घ्यायची, ही चूक फार महागात पडते. पुढची रिॲक्शन जिवावर बेतू शकते.

दुसरी चूक, नुसता ब्रँड बदलायचा. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन असतं, व्होवेरानमध्ये डायक्लोफेनॅक, झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक. नावं वेगळी, पण तिन्ही शरीरातलं कॉक्स-१ हेच एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) रोखतात. त्यामुळे एकीने त्रास झालेल्याला दुसरीनेही होऊ शकतो. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. पाठ धरली म्हणून दवाखान्यात टोचतात ते इंजेक्शनही बरेचदा डायक्लोफेनॅकचंच असतं. टोचून घेण्याआधी विचारा. दमा आहे, नाकात पॉलिप्स (मऊ मांसल वाढ) आहेत, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी तोंडात टाकूच नये.

श्वास लागला, आवाज बसला, जीभ सुजली, चक्कर आली, तर सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघू नका. तिने खाज कमी होईल, घशाची सूज आणि घसरलेलं बीपी तिच्या आवाक्यातलं नाही. तिथे लागतं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, आणि तेही लगेच. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. बरं वाटलं म्हणून लगेच घरीही आणू नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

उशिरा येणारी रिॲक्शन तर गोळीशी जोडलीच जात नाही. गोळी सुरू करून काही आठवडे झाल्यावर ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी आल्या, तर तो व्हायरल समजू नका. मेफेनॅमिक ॲसिड या पेनकिलरमुळे होणाऱ्या अशाच 'ड्रेस' सिंड्रोमबद्दल (औषधाच्या उशिरा येणाऱ्या गंभीर रिॲक्शनबद्दल) इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिला होता. तोंडात फोड आले किंवा कातडी सोलवटू लागली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

नंतर त्या औषधाचं नाव फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा, दातांच्या डॉक्टरांनाही सांगा. रिॲक्शनची नोंद १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर रुग्ण स्वतःही करू शकतो.