एका बहिणीजवळ मन मोकळे करताना

चर्चची मंडळी लहान असली आणि एकमेकींच्या घरी सतत येणे-जाणे असले, की कोणाकडे आजारपण आहे आणि कोणाची नोकरी गेली आहे हे सर्वांना ठाऊक असते. मात्र एखादी स्त्री कोणत्या मोहाशी रात्ररात्र झगडत आहे, हे उपासनेत तिच्या शेजारी बसून गाणाऱ्या बहिणीलाही कळत नाही. परपुरुषाची ओढ, मत्सर, दारू, लपवून घेतलेले कर्ज, चोरून पाहिलेली दृश्ये, रागाच्या भरात मुलांवर उगारलेला हात, यांपैकी काहीही विश्वासणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येऊ शकते. असा भार कोणाजवळ आणि कसा उतरवावा, आणि ज्या बहिणीवर तो ऐकण्याची वेळ येते तिने काय करावे, यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम आपल्यापाशी नेमके काय आहे ते ओळखावे. बायबलच्या नव्या करारातील ‘पेइरास्मोस’ या एकाच ग्रीक शब्दात मोह आणि कसोटी हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत, आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण परीक्षेत न आणण्याची विनंती करतो तिथे मुळात हाच शब्द आहे. मोह होणे म्हणजे पाप घडणे नव्हे. येशूही सर्व प्रकारे पारखला गेला आणि तरीही निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस पत्रात (४:१५) म्हटले आहे. नव्या करारातील पत्रलेखक याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात (वचने १४ व १५) याच्या पायऱ्याच दाखवतो: वासना माणसाला ओढते, ती गर्भवती होऊन पापाला जन्म देते, आणि पाप वाढले की त्यातून मरण उपजते. आपण यांपैकी कोणत्या पायरीवर उभ्या आहोत, हे एका वाक्यात कागदावर लिहून पाहावे. ‘माझा विश्वास कमी पडतो आहे’ असे लिहिल्याने हाती काही लागत नाही. ‘कामावरच्या एका विवाहित माणसाच्या निरोपाची मी दिवसभर वाट पाहते आणि घरी जाण्यापूर्वी ते निरोप पुसून टाकते’ असे लिहिले, की कुठे पाऊल थांबवायचे तेही दिसू लागते. कागद नंतर फाडून टाकावा.

कधीकधी मात्र लिहिताना लक्षात येते की हा मोह नाहीच, तर आपल्यावर होणारा अन्याय आहे. नवरा मारत असेल, किंवा कोणी नको तिथे हात लावत असेल, तर त्यात त्या स्त्रीचे पाप नाही, आणि तिला ‘सहन कर, प्रार्थना कर’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे तिच्यावर दुसरा घाव घालणे होय. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

आता प्रश्न कोणाला सांगायचे हा. आपले दोष एकमेकांजवळ कबूल करा, असे याकोब (५:१६) सांगतो. पण ते सगळ्या महिला मंडळासमोर उभे राहूनच सांगावे, असे त्या वचनात कुठेही नाही. एकच व्यक्ती निवडावी. ती वयाने मोठी असेल तर उत्तम, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती तुमच्याजवळ इतरांविषयी काय बोलते ते आठवून पाहावे, कारण जी दुसरीचे गुपित तुमच्या कानात सांगते, ती तुमचेही तिसरीला सांगणार. कॅथोलिक चर्चमध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेचे कडक बंधन असते, आणि १९८३ च्या कॅनन कायद्याच्या, म्हणजे त्या चर्चच्या स्वतःच्या नियमसंहितेच्या, ९८३ व्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले आहे. मैत्रिणीवर असे कोणतेही बंधन नसते, म्हणून बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच तिच्याकडून शब्द घ्यावा: ‘मी सांगते ते तू तुझ्या नवऱ्यालाही सांगणार नाहीस ना?’ ती घुटमळली, तर त्या दिवशी बोलू नये.

ऐकणारीची जबाबदारी मला सांगणारीपेक्षाही अवघड वाटते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. एका बहिणीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी प्रार्थना सभेत नाव न घेता, ‘आपल्या एका बहिणीसाठी’ म्हणून मांडली. आम्ही १२ जणी होतो. डोळे मिटण्यापूर्वी दोघींनी मान वळवून तिच्याकडे पाहिले, आणि मांडीवरचे बायबल धरलेली तिची बोटे घट्ट आवळली गेली. त्यानंतर ती पुष्कळ दिवस सभेला आली नाही. प्रार्थनाविषय म्हणून सांगितले, तरी परवानगीशिवाय सांगितलेले ते चहाडखोरीच ठरते. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:३) वडील स्त्रियांना चहाडी करू नका असे बजावताना प्रेषित पौलाने जो शब्द वापरला आहे, तो ‘दियाबोलोस’ या शब्दाचेच रूप आहे, आणि सैतानासाठीही ग्रीकमध्ये तोच शब्द येतो.

म्हणून ऐकताना मध्ये बोलू नये, लगेच वचन काढून दाखवू नये, आणि ‘तुझ्याकडून असे अपेक्षित नव्हते’ हे वाक्य तर तोंडातून निघूच देऊ नये. जुन्या करारातील एली याजकाने मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे नुसते हलणारे ओठ पाहून ती प्यालेली आहे असा समज करून घेतला होता. पण तिने आपले दुःख सांगताच त्याने तो सोडला आणि तिला शांतीने जाण्यास सांगितले. चुकीचा अंदाज असा त्याच क्षणी सोडता आला पाहिजे. गलतीकरांस पत्रात (६:१) चुकलेल्याला सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणण्यासाठी जे क्रियापद आले आहे, तेच शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने (१:१९) जाळी नीट करणाऱ्या कोळ्यांसाठी वापरले आहे, आणि फाटलेले जाळे झटके देऊन नीट होत नाही.

मग दोघींनी मिळून बाहेर पडण्याची वाट शोधावी. देव मोहाबरोबर निभावण्याचा उपायही करतो, असे करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:१३) आहे, आणि तो उपाय बहुधा अगदी साधा असतो: त्या माणसाचा नंबर काढून टाकणे, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे, कर्जाचा खरा आकडा घरी सांगणे. ओढ अनावर होईल त्या घटकेला कोणत्याही वेळी फोन करण्याची मुभा द्यावी, आणि खरोखर तो उचलावा.

गुप्ततेला एक मर्यादा आहे. जिवाला धोका असेल, मुलांना इजा होत असेल, किंवा ती जगणे नकोसे झाले असे बोलत असेल, तर गप्प राहणे हा विश्वासघात ठरेल. तिला तसे स्पष्ट सांगून डॉक्टरांची, आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी, तिला एकटी सोडू नये. व्यसन किंवा महिनोन्‌महिने टिकलेले नैराश्य असेल, तर प्रार्थनेच्या जोडीला उपचारही हवेत.

पुढच्या रविवारी ती दारात दिसेल, तेव्हा तिच्याकडे सहानुभूतीने रोखून पाहू नये आणि तिला टाळूही नये. नेहमीसारखे शेजारी बसावे, गीताचे पुस्तक तिच्याकडे सरकवावे, आणि सगळ्या पांगल्यावर, खुर्च्या उचलता उचलता, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात ‘हा आठवडा कसा गेला?’ असे विचारावे.