पिकअपला ऑल-टेरेन टायर घेताना आधी कडेवरचे आकडे वाचा

पावसाळ्यात बागेच्या वाटेवर पिकअप तांबड्या मातीत रुतते, म्हणून बरेच जण नुसती रांगडी नक्षी बघून ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर उचलतात. नक्षी शेवटी बघा.

१. साइज गाडीच्या पुस्तिकेतलीच घ्या.

२. साइजनंतरचा आकडा भारक्षमतेचा असतो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे ११२०. दिसायला सारख्याच दोन टायरांत एवढा फरक निघतो! हापूसच्या पेट्या किंवा जांभ्याचे चिरे भरून घाट चढायचा असेल, तर गाडीसोबत आलेल्या कंपनीच्या टायरपेक्षा कमी आकडा अजिबात नको, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

३. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक बघा. २३२५ म्हणजे टायर २०२५च्या २३व्या आठवड्यात बनलेला. जुना माल निघाला तर दुसरा मागा.

४. आता नक्षी. खाचा रुंद हव्यात, म्हणजे चिखल अडकून राहत नाही. पण ठोकळ्यांवर बारीक रेघाही हव्यात. ओल्या डांबरावर पकड त्यांनीच येते, आणि आपली गाडी शेवटी जास्त डांबरावरच धावते.

सावधान: पुळणीवर जाताना हवा कमी केली असेल, तर रस्त्याला लागण्याआधी भरून घ्या. कमी हवेवर भरलेली गाडी पळवली की टायर तापून फुटू शकतो.